संदर्भ देताना एपीए, एमएलए की तळटिपा? आणि त्याआधी: ते पान तुम्ही स्वतः पाहिलंय का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वसमत परिसरातल्या हैदराबाद मुक्तिसंग्रामावर इतिहासात पीएच.डी. चालू आहे. प्रबंध टाइप होऊन आलाय. मार्गदर्शक सर संदर्भांसाठी एपीए पद्धत (मजकुरातच कंसात आडनाव आणि वर्ष) वापरा म्हणतात, संशोधन सल्लागार समितीतल्या एका मॅडमना तळटिपा हव्यात, एका नियतकालिकाने तुमचा लेख एमएलएमध्ये (कंसात आडनाव आणि पान) करून मागितलाय आणि साम्य-तपासणीचा, म्हणजे मजकूर दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती जुळतो याचा, अहवाल ३१ टक्के आलाय. सूचीतल्या काही पुस्तकांवर वर्ष नाही, काही पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेत, काही कागद उर्दूत आहेत. तुम्हाला विचारायचंय की बरोबर पद्धत कोणती, आणि महिनाभरात हे सगळं नीट कसं करायचं.

मी मराठवाड्यातच इतिहास शिकवत आले. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करते, बाहेरचे प्रबंध परीक्षणाला येतात आणि एका संशोधन नियतकालिकाच्या संपादनातही लक्ष घालते. प्रबंध हातात आला की मी आधी शेवटची पानं उघडते. काम कसं झालंय ते तिथे कळतं.

पद्धतीचं उत्तर सोपं आहे, ते आधी देऊन टाकते. काम जिथे सादर करायचं त्या संस्थेचा लेखी नियम चालतो. तुमच्या विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागाच्या सूचना मिळवा. त्यात पद्धत नेमून दिली असेल तर सर आणि मॅडम दोघांचंही मत बाजूला राहतं. नियम गप्प असेल तर विषयाची रीत बघायची. शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र यांत एपीए रुळलेली आहे, भाषा-साहित्यात एमएलए, वैद्यकात व्हँकुव्हर, अभियांत्रिकीत आयट्रिपलई, आणि इतिहासात शिकागोच्या धर्तीवरच्या तळटिपा. तुमच्या कामासाठी मीही तळटिपांच्याच बाजूने आहे. कारण उघड आहे. संस्थानी काळातल्या कागदाला लेखक नसतो. त्याला खातं असतं, फाईल क्रमांक असतो, तारीख असते, कधी शेरा मारणारा अधिकारी असतो. ही माहिती ‘आडनाव, वर्ष’ अशा कंसात मावत नाही. तळटिपेत मावते, आणि कागदाबद्दल दोन वाक्यं सांगायची असतील तर त्यालाही जागा उरते.

तरीही सर एपीएवर ठाम असतील आणि नियमात अडचण नसेल, तर एपीएने प्रबंध बिघडत नाही. फक्त सर आणि मॅडम दोघांशी एकाच बैठकीत बोला आणि ठरेल ते बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या. नियतकालिकाचा लेख हे वेगळं काम आहे. ते मागतील ती पद्धत द्यायची, त्यात वाद घालण्यासारखं काही नाही.

पद्धत बदलली की सगळं पुन्हा करावं लागेल ही भीती सोडा. माहिती तीच राहते, तिची मांडणी बदलते. उदाहरणादाखल एक ग्रंथ घेते. एपीएत नोंद अशी होईल: म्हाइंभट. (१९७८). लीळाचरित्र (वि. भि. कोलते, संपा.). महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ. एमएलएत अशी: म्हाइंभट. लीळाचरित्र. संपा. वि. भि. कोलते, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ, १९७८. तळटिपेत अशी: म्हाइंभट, लीळाचरित्र, संपा. वि. भि. कोलते (मुंबई: महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ, १९७८), आणि पुढे पान. ग्रंथकार, ग्रंथ, संपादक, प्रकाशक, वर्ष ही सामग्री तिन्हींत एकच. तिन्ही पद्धती अधूनमधून सुधारल्या जातात, त्यामुळे कोणती आवृत्ती पाळताय ते ठरवून टाका. एपीएची सातवी आवृत्ती २०१९ ची, एमएलएची नववी २०२१ ची, शिकागोची अठरावी २०२४ ची. एपीए आणि एमएलएच्या चालू आवृत्त्यांत प्रकाशनाचं गाव लागत नाही, शिकागोनेही अठराव्या आवृत्तीत त्याची सक्ती काढली. तुमच्या स्वतःच्या टिपणवहीत मात्र गाव लिहाच. मराठवाड्यातली कितीतरी स्थानिक पुस्तकं लेखकांनी स्वतः छापलेली आहेत. गावाशिवाय ती पुन्हा सापडत नाहीत.

स्वल्पविराम, पूर्णविराम, तिरपी अक्षरं याबद्दल एवढंच म्हणेन की एकदा ठरवलं ते शेवटपर्यंत पाळा. परीक्षक स्वल्पविरामासाठी प्रबंध परत पाठवत नाहीत.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्याने मी थांबले त्याकडे येते. तुम्ही लिहिलंय, “बरेच संदर्भ दुसऱ्या प्रबंधांतून घेतले आहेत, मूळ पुस्तकं मिळाली नाहीत.” तुमची अडचण ही आहे. एपीए आणि एमएलएचा गोंधळ नंतरचा.

संदर्भ देणं म्हणजे एक ग्वाही असते: हे पान मी पाहिलं, तिथे हे लिहिलेलं आहे, तुम्हीही जाऊन पाहू शकता. तलाठ्याकडे सातबारा मागताना गाव आणि गट क्रमांक बरोबर सांगावा लागतो, नाहीतर दुसऱ्याच्याच शेताचा उतारा हातात पडतो. संदर्भाचंही तसंच. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांसाठी एकच नियम ठेवलाय. जे हातात धरून वाचलं, त्याचाच संदर्भ द्यायचा. बाकीचे बहुतेक प्रश्न याच नियमाने सुटतात. कसे, ते तुमच्याच उदाहरणांवर सांगते.

दुसऱ्याच्या प्रबंधातून उचललेले संदर्भ. समजा एका प्रबंधात एका जुन्या पुस्तकाचं अवतरण आहे आणि तुम्ही ते घेतलंत. तळटिपेत थेट जुन्या पुस्तकाचं नाव टाकलंत तर तुम्ही न पाहिलेल्या पानाची ग्वाही दिलीत. मधल्या संशोधकाने पान क्रमांक चुकवला असेल, अवतरणातला एखादा शब्द गाळला असेल, तर ती चूक आता तुमची झाली. परीक्षकाला हे कळतं, कारण तीच चूक त्याने आधीच्या तीन प्रबंधांत पाहिलेली असते. खरी नोंद अशी: मूळ लेखक आणि पुस्तक, मग ‘उद्धृत’ असं म्हणून तुम्ही वाचलेला प्रबंध आणि त्याचं पान. एपीए, एमएलए, शिकागो, तिन्हींत याची सोय आहे. यात कमीपणा नाही. पण प्रकरणात दर दोन पानांनी ‘उद्धृत’ दिसू लागलं तर मूळ पुस्तकासाठी जिल्हा ग्रंथालय, विद्यापीठाचं ग्रंथालय, जुनी नगर वाचनालयं पालथी घालायला हवीत असा त्याचा अर्थ. ज्या पुस्तकावर तुमचा युक्तिवाद उभा आहे ते मूळच पाहा. नुसता ओझरता उल्लेख असेल तिथे ‘उद्धृत’ चालून जातं.

उर्दू कागद. हैदराबाद संस्थानाचा कारभार उर्दूत चालायचा, त्यामुळे १९४८ पूर्वीच्या मराठवाड्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाची गाठ या कागदांशी पडते. तुम्ही म्हणता की शेजारच्या मौलवीसाहेबांनी वाचून दाखवलं आणि तुम्ही मराठीत उतरवून घेतलं. उत्तम केलंत. मग तसंच लिहा. तळटिपेत कागदाची पूर्ण ओळख द्या: कुठल्या संग्रहातला, कुठलं खातं, फाईल क्रमांक, तारीख, पान. पुढे ‘मूळ उर्दू, वाचन व मराठी अनुवाद साहाय्य’ असं म्हणून त्यांचं नाव त्यांच्या संमतीने नोंदवा. प्रास्ताविकात आपल्याला उर्दू लिपी येत नाही आणि वाचन कसं करून घेतलं, हे एका परिच्छेदात सांगा. परीक्षक त्यावर गुण कापत नाहीत. मौखिक परीक्षेत उर्दू कागद समोर ठेवून “वाचा बरं” म्हटल्यावर गप्प राहावं लागणं फार वाईट. जमलं तर महत्त्वाच्या चार-पाच कागदांचं वाचन दुसऱ्या जाणकाराकडून पुन्हा करून घ्या. शिकस्ता वळणाच्या, म्हणजे घाईच्या घसाट्या लेखनात नुक्ते (अक्षरांचे ठिपके) गाळलेले असतात, एक नाव दुसरं होऊन बसतं.

याच कागदांवरची तारीख हा स्वतंत्र विषय आहे, आणि यात चांगले संशोधकही अडकतात. संस्थानात फसली सन, म्हणजे महसुली कालगणना, चालायची. त्याचं वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजर महिन्यापासून सुरू होई. फसली सनात ५९० मिळवले की ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी इसवी सन मिळतो, जानेवारीनंतरच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवायचे. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते सप्टेंबर १९४८ च्या आसपासचा काळ. म्हणजे रझाकारांच्या धुमाकुळाचा सगळा शेवटचा टप्पा आणि १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई याच एका फसली वर्षात येते. नुसतं ‘१३५७ म्हणजे १९४७’ असं लिहिलं की फेब्रुवारी १९४८ ची घटना एक वर्ष मागे जाते आणि तुमचा घटनाक्रमच मोडतो. म्हणून कागदावरची तारीख आहे तशी आधी द्या, महिन्याच्या नावासकट. इसवी तारीख पुढे चौकटी कंसात द्या. चौकटी कंसाचा अर्थ असा की आतला मजकूर तुमचा आहे, कागदाचा नाही. हिजरी तारीख असेल तर बेरीज करून भागत नाही, चांद्र वर्ष लहान असतं. त्यासाठी तक्ताच बघावा लागतो. शके असेल तर ७८ मिळवायचे, आणि जानेवारी ते फाल्गुन अखेर ७९.

गावांची आणि संस्थांची नावं. इथे भावना मधे येतात, म्हणून स्पष्ट सांगते. पुस्तकावर प्रकाशनस्थळ ‘औरंगाबाद’ छापलेलं असेल तर सूचीत औरंगाबादच लिहायचं, ‘उस्मानाबाद’ असेल तर उस्मानाबादच. तुमच्या स्वतःच्या निवेदनात २०२३ नंतरची छत्रपती संभाजीनगर, धाराशिव ही नावं वापरा, पण संदर्भ हा छापील पानाचा आरसा आहे, तिथे दुरुस्ती करायची नाही. ग्रंथपालाच्या नोंदीत जे नाव आहे त्यावरूनच पुस्तक सापडणार. विद्यापीठाचंही असंच. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ ला स्थापन झालं, ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला झाला. त्यामुळे १९८५ सालच्या प्रबंधावर ‘मराठवाडा विद्यापीठ, औरंगाबाद’ असंच असेल, आणि सूचीतही तसंच हवं. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ चं. त्याच्या नावावर १९९० चा प्रबंध दाखवणारी नोंद मी पाहिली की मला कळतं, हा प्रबंध कुणी उघडलेला नाही.

तुमच्या विषयात आणखी एक अडचण आहे. वसमत आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. संस्थानी कागद, जनगणनेची जुनी पुस्तकं, जिल्हा गॅझेटिअर, सगळीकडे वसमत परभणीखाली सापडेल. प्रबंधात पहिल्या उल्लेखाला एक टीप द्या: तत्कालीन परभणी जिल्हा, सध्या हिंगोली जिल्हा. पुढे मूळ कागदात जे असेल ते ठेवा. लातूर (१९८२) आणि जालना (१९८१) यांच्याबाबतही हीच काळजी घ्यावी लागते. १९४८ च्या घटनेत ‘लातूर जिल्हा’ लिहिलेलं दिसलं की वाचकाचा विश्वास तिथेच डळमळतो.

व्यक्तींची नावं. मराठी सूचीत आडनाव आधी, मग नाव, क्रम अकारविल्हे. इथवर सोपं. पण परभणीचे बी. रघुनाथ घ्या. ते टोपणनाव आहे, मूळ नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी. पुस्तकांवर ‘बी. रघुनाथ’ आहे, म्हणून सूचीत ‘बी. रघुनाथ’ असंच, ‘ब’खाली. संगणकावरचं संदर्भ-सॉफ्टवेअर त्याचं ‘रघुनाथ, बी.’ करून टाकतं आणि रघुनाथ हे आडनाव असल्यासारखं ‘र’खाली नेऊन ठेवतं. संतांना आडनाव नसतं, तिथेही तेच होतं. झोटेरो या संदर्भ-सॉफ्टवेअरमध्ये अशा वेळी नाव एकाच रकान्यात भरायची सोय आहे, ती वापरा. आद्याक्षरांचाही घोळ होतो. एकच लेखक मराठी पुस्तकावर ‘र. बा.’ आणि इंग्रजी लेखावर ‘आर. बी.’ असतो. मराठी सूचीत मराठी, इंग्रजी सूचीत इंग्रजी, जसं छापलंय तसं. डॉक्टर, प्राचार्य, प्राध्यापक, कॉम्रेड, स्वामी या उपाध्या सूचीतून काढा. अपवाद स्वामी रामानंद तीर्थांसारखा, जिथे ती उपाधी नावाचाच भाग झालेली आहे.

मराठी आणि इंग्रजी सूची वेगळ्या ठेवाव्यात असं माझं मत आहे. काही विद्यापीठं एकत्र मागतात, मग त्यांचं ऐका. लेख इंग्रजीत असेल तर मराठी पुस्तकाचं शीर्षक रोमन लिपीत उच्चाराप्रमाणे लिहून पुढे चौकटी कंसात इंग्रजी अर्थ देतात. नुसता अर्थ दिला तर त्या नावाचं पुस्तक जगात कुठेच सापडत नाही.

वर्ष नसलेली पुस्तकं. मुखपृष्ठाच्या मागचं पान बघा, मग प्रस्तावनेखालची तारीख, मग शेवटच्या पानावर मुद्रकाची नोंद. प्रस्तावनेखाली १९५८ असेल तर ‘[प्रस्तावनेवरून १९५८]’ असं चौकटी कंसात. काहीच नसेल तर ‘वर्ष नमूद नाही’. अंदाजाने आकडा टाकू नका, कुणीतरी पुढे तोच आकडा तुमच्या नावावर उद्धृत करेल. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत फरक आहे तोही पाळा. नव्या आवृत्तीत मजकूर आणि पानं दोन्ही बदलू शकतात, म्हणून हातातली आवृत्ती नोंदवा. जुन्या ग्रंथांत तर आवृत्तीशिवाय संदर्भाला अर्थच उरत नाही. तुकारामांच्या गाथेत अभंगाचा क्रमांक आवृत्तीगणिक बदलतो, लीळाचरित्रात लीळांचे क्रमांक बदलतात. ज्ञानेश्वरीला पान देण्यापेक्षा अध्याय आणि ओवी द्या, आणि प्रत कुणाची तेही.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पीडीएफ म्हणजे पुस्तकाचं छायाचित्र. त्यात मुखपृष्ठ आणि प्रकाशनाचं पान असेल तर ते पुस्तक म्हणूनच नोंदवा. ती पानं नसतील, नुसती मधली वीस पानं असतील, तर पुस्तक मिळेपर्यंत तिचा वापर करू नका. शासन निर्णय असेल तर विभाग, क्रमांक, दिनांक आणि शेवटच्या परिच्छेदातला संकेतांक. संकेतांकावरून तो शासनाच्या संकेतस्थळावर लगेच सापडतो. वर्तमानपत्राला तारखेसोबत गावाची आवृत्ती लिहा. नांदेडच्या अंकात पहिल्या पानावर असलेली बातमी लातूरच्या अंकात पाचव्या पानावर असू शकते, किंवा नसूही शकते.

मुलाखती हे तुमच्या कामाचं खरं धन आहे. ती पिढी आता जवळजवळ संपलीय, त्यामुळे तुम्ही ध्वनिमुद्रित केलेला प्रत्येक आवाज जपायला हवा. एपीएत खासगी संभाषण अंतिम सूचीत घालत नाहीत, मजकुरातच नाव आणि तारीख देतात. पण संशोधनासाठी मुद्दाम घेतलेली मुलाखत ही तुमची साधनसामग्री आहे. इतिहासाच्या प्रबंधात तिची वेगळी यादी करा: सांगणाऱ्याचं नाव, त्या वेळचं वय, गाव, तालुका, मुलाखतीची तारीख, जागा, ध्वनिमुद्रण कुठे ठेवलंय. नाव छापायला संमती घ्या. कुणी नको म्हणालं तर नावाऐवजी खूण वापरा आणि तसं सांगा. रझाकारांच्या काळातल्या आठवणींमध्ये शेजारच्या घरांची नावं येतात, त्या घरांतली माणसं आजही त्याच गल्लीत राहतात. तिथे फार जपून. बाईने सांगितलेली आठवण ‘ग्रामस्थांकडून मिळालेली माहिती’ अशा खात्यात ढकलू नका. तिचं नाव, तिचं गाव लिहा. जात्यावरच्या ओव्यांचा जो मोठा संग्रह ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर आहे, तिथे ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव दिलेलं असतं. ते नमुना म्हणून बघा.

आता ३१ टक्के. घाबरू नका, पण हलकंही घेऊ नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत दहा टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून पुन्हा सादर करावं लागतं. चाळीस ते साठ असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही, साठच्या वर नोंदणी रद्द होते. योग्य श्रेय दिलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायदे, रूढ संज्ञा हे सगळं मोजणीतून वगळायचं असतं. तुमचा अहवाल ही वगळणी करून काढलाय का ते ग्रंथालयात विचारा. मराठीत आपण सवयीने एकेरी अवतरणचिन्ह वापरतो, आणि काही सॉफ्टवेअर फक्त दुहेरी चिन्हांतला मजकूर अवतरण म्हणून ओळखतात. सलग अवतरणांना दुहेरी चिन्हं करून बघा.

त्यानंतरही जे रंगीत उरेल ते ओळ न ओळ वाचा. तिथे शब्द फिरवून टक्का खाली आणण्याचा मोह होईल. बाजारात तशी सेवा देणारेही आहेत. तसं करू नका. ‘स्वातंत्र्यलढा’चं ‘मुक्तीचा संघर्ष’ केल्याने विचार तुमचा होत नाही, आणि वाक्य मात्र बिघडतं. पुस्तक मिटा, तो मुद्दा स्वतःच्या भाषेत लिहा, पुस्तक उघडून तपासा, आणि शब्द तुमचे असले तरी संदर्भ द्या. मुद्दा त्यांचाच आहे. तुमचाच आधी छापलेला लेख प्रकरणात घेतला असेल तर प्रकरणाच्या पहिल्याच टिपेत तसं सांगा.

एक तांत्रिक गोष्ट, जी आपल्याकडच्या तालुक्याच्या गावी फार छळते. प्रबंध डीटीपीवाल्याकडे श्रीलिपी किंवा कृतीदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप झाला असेल तर संगणकाच्या दृष्टीने ती मराठी नसतेच, ती इंग्रजी अक्षरांची रांग असते. तपासणीच्या सॉफ्टवेअरला त्यातून काही कळत नाही, मग आलेला टक्का खोटा असतो, कमी असो की जास्त. प्रबंध युनिकोडमध्येच हवा. रूपांतर करून घेतलंत तर जोडाक्षरं आणि रफार पुन्हा वाचा, विशेषतः नावांतले. आणि तळटिपा. टायपिस्टने पानाखाली हाताने आकडे टाकून टिपा लिहिल्या असतील तर एक परिच्छेद हलला की सगळं विस्कटतं. वर्डच्या तळटीप सोयीनेच टिपा घालून घ्या, आकडे आपोआप सरकतात. ‘तत्रैव’ (लगेच आधीच्या टिपेतलंच पुस्तक) आणि ‘पूर्वोक्त’ (आधी कुठेतरी सांगितलेलं पुस्तक) शेवटच्या वाचनापर्यंत वापरूच नका. मधे नवी टीप शिरली की ‘तत्रैव’ भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवतं. प्रत्येक टिपेत आडनाव, छोटं शीर्षक, पान एवढं लिहा. शिकागोनेही आता अशाच आखूड नोंदीला पसंती दिलीय.

‘एआयकडून सूची करून घेऊ का’ असंही तुम्ही विचारलंय. तुम्ही स्वतः तपासलेल्या नोंदी एका मांडणीतून दुसऱ्या मांडणीत न्यायला मदत घेतलीत तर हरकत नाही, पुढे एकेक नोंद मूळ टिपणाशी ताडून बघायची. पण ‘या विषयावरचे संदर्भ दे’ असं विचारू नका. न लिहिलेली पुस्तकं खऱ्या लेखकांच्या नावावर, प्रकाशक आणि वर्षासकट तयार होऊन येतात. मराठी साधनांबाबत तर हे जास्तच होतं. मी परीक्षणात शंका आली की पाच नोंदी निवडून ग्रंथालयात शोधते. एक जरी पुस्तक अस्तित्वात नाही असं निघालं तरी बाकीच्या सगळ्या सूचीकडे बघण्याची माझी नजर बदलते.

महिन्याची आखणी मी अशी करेन. पहिला आठवडा सूचीला हात लावू नका. तळटिपांची छापील प्रत घ्या आणि प्रत्येकीसमोर खूण करा: स्वतः पाहिलं, दुसऱ्याकडून घेतलं, आठवत नाही. ‘आठवत नाही’ असलेल्या टिपांवरची विधानं कोणती ते वेगळ्या कागदावर उतरवा. दुसरा आणि तिसरा आठवडा त्यांच्यामागे ग्रंथालयात घालवा. ज्याचं मूळ सापडेल त्याचं पान दुरुस्त करा, ज्याचं सापडणार नाही ते विधान काढा किंवा तुमच्या दुसऱ्या साधनावर नव्याने उभं करा. पाच-सहा वाक्यं गेली तरी प्रबंध उभा राहतो. चौथ्या आठवड्यात मांडणी, अकारविल्हे क्रम, साम्य-तपासणी. ही कामं वाटतात त्यापेक्षा लवकर होतात, कारण आधीचं खरं काम झालेलं असतं. फसली तारखांचा एक तक्ता परिशिष्टात जोडा, तुमच्यानंतर परभणी-हिंगोलीवर काम करणाऱ्याला तो उपयोगी पडेल. आणि ‘उद्धृत’ म्हणून राहिलेल्या नोंदींची यादी सरांना आधीच दाखवा, म्हणजे मौखिक परीक्षेत त्यावर प्रश्न आला तर कोणती मूळ पुस्तकं कुठे शोधली आणि का मिळाली नाहीत, हे तुम्हाला नीट सांगता येईल.